डबा उघडण्याआधी

बाळा, तू फ्लोअर कोटिंगच्या धंद्यात उतरतोयस हे कळलं, फार बरं वाटलं. रेझिन किती, हार्डनर किती, मिसळल्यावर माल किती वेळ हाताशी राहतो, हे कंपनीचा माणूस तुला शिकवेलच. ते मन लावून शिक. पण सोलापुरात अक्कलकोट रोडला आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत उखडलेली जी कोटिंगं मी पाहिली, त्यातली फार थोडी डब्यातल्या मालानं बिघडलेली होती. बाकीच्यांच्या खाली तळच तयार केलेला नव्हता.

उखडलेला पोपडा हातात आला की फेकू नको, उलटा करून बघ. पाठीला सिमेंटची पांढुरकी पूड चिकटलेली असेल, तर कोब्याचा वरचा थर कच्चा होता आणि तोच कोटिंगसकट सुटून आला. पाठ काळपट आणि बोटाला बुळबुळीत लागली तर खाली तेल होतं. पाठ अगदी गुळगुळीत, कोरी असेल तर कोबा घासलेलाच नव्हता. आणि फुगा फोडल्यावर आत पाणी सापडलं, तर ओल खालून चढली. दुसऱ्यानं केलेलं काम दुरुस्तीला आलं, की हे आधी बघायचं आणि मगच दर सांगायचा.

नवं काम बघायला गेलास की लगेच टेप काढून फूट मोजायला लागू नको. आधी विचारपूस कर. कोबा कधी झाला? खाली सोलिंग आहे की नुसता मुरूम? काँक्रीट टाकताना खाली प्लास्टिकचा कागद अंथरला होता का? वर फ्लोअर हार्डनरची पावडर मारली होती का, क्युरिंग कंपाऊंड फवारलं होतं का? आधी कधी ऑइल पेंट लावला होता का? मालकाला यातलं अर्धंच ठाऊक असतं. मागांवरचा जुना जॉबर किंवा रात्रीचा वॉचमन जास्त सांगतो. कुठल्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी साचतं, कुठे पूर्वी सुताला खळ द्यायची सायझिंगची कढई होती, कुठे तेलाचे डबे ठेवत, हे त्यांच्याकडून कळतं. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसायला कमीपणा वाटून घेऊ नको.

मग वाटीभर पाणी घेऊन शेडभर फिर. चार-चार पावलांवर बोटानं पाच-सहा थेंब टाक आणि उकिडवा बसून बघ. थेंब पसरला, कोबा तिथे गडद झाला आणि पाणी आत मुरलं, तर तो तळ रेझिनही पिईल. थेंब गोल मणी होऊन वरच बसला, तर मध्ये काहीतरी आहे. तेल असेल, क्युरिंग कंपाऊंड असेल, जुनं सीलर असेल, नाहीतर फार घोटलेला कोबा असेल. अशा जागी खडूनं गोल कर. शेडचा एक साधा नकाशा वहीत काढ आणि त्यावर हे गोल उतरव. मग हातोडी घे आणि ठोकत चल. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी भद्द. जिथे भद्द वाजलं तिथला कोबा फोडूनच काढायचा, त्याच्यावर कितीही भारी माल ओतला तरी तो खालच्या थराबरोबर निघून येणार. शेवटी खिळ्यानं जोर देऊन एक रेघ ओढ. रेघेतून पूड निघाली तर वरचा थर कच्चा. मोठ्या कामाला कंपन्या पुल-ऑफ टेस्ट करतात. चकती चिकटवून यंत्रानं ओढतात, आणि चौरस सेंटीमीटरला साधारण १५ किलोचा ओढा सोसेपर्यंत काँक्रीट तुटता कामा नये असा सर्वसाधारण नियम आहे. खिळा आणि हातोडी तुला तो आकडा देणार नाहीत, पण नादुरुस्त जागा कुठे आहेत ते नक्की दाखवतील.

आपल्याकडच्या गवंड्यांची एक रीत तुला माहीत असायला हवी. कोबा ओला असताना वर कोरडं सिमेंट भुरभुरवून थापीनं घोटायचं, म्हणजे तो चकाकतो. घरात शाहबादी फरशीऐवजी कोबा केला तर तसा घोटलेला कोबा पायाला छान लागतो, पुसायला सोपा. पण कोटिंगच्या दृष्टीनं त्याच्याइतका वाईट तळ नाही. काँक्रीट बसताना पाणी वर येतं आणि बरोबर सिमेंटचा बारीक गाळ आणतं. दुधावर साय धरावी तसा तो वर धरतो, आणि त्या सायीत ताकद नसते. वरून कोरडं सिमेंट मारलं की ती आणखी जाड होते. ट्रिमिक्सचा कोबा बराच बरा, कारण व्हॅक्युमनं जास्तीचं पाणी ओढून घेतलेलं असतं. पण त्यालाही पॉवर ट्रॉवेल फिरून फिरून वर इतका घट्ट, गुळगुळीत पापुद्रा येतो की प्रायमर आत शिरत नाही. म्हणून कोबा जुना असो, नवा असो, ट्रिमिक्सचा असो, घासायचाच. यात अपवाद नाही.

घासण्याच्या जागी अॅसिड मारायचा सल्ला तुला बाजारात दहा जण देतील. ते स्वस्त पडतं, मशीन लागत नाही, फेस आला की काम झाल्यासारखं वाटतं. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. तेल किंवा क्युरिंग कंपाऊंड असलेल्या जागी अॅसिड काही करत नाही, म्हणजे जिथे खरी गरज तिथेच ते निकामी. बाकीच्या जागी ते सिमेंट खातं आणि मागे क्षार सोडतं. हायड्रोक्लोरिक अॅसिडातलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरलं तर सळईला गंज चढवतं. ते धुवायला भरपूर पाणी ओतावं लागतं, आणि तेच पाणी कोब्यात शिरून पुढे तुला आठवडाभर थांबवतं. आपल्याकडे ते पाणी बहुधा बोअरचं. ते खारट, वाळल्यावर पांढरा खार सोडतं. शिवाय बंद शेडमध्ये त्या वाफेनं माणसं खोकून बेजार होतात आणि मागाचे लोखंडी भाग दोन दिवसांत तांबूस पडतात. एखाद्या अडचणीच्या कोपऱ्यात अॅसिडशिवाय गत्यंतरच नसेल, तर पाण्यात अॅसिड घाल, अॅसिडात पाणी कधीही नाही. नंतर गोड्या पाण्यानं इतकं धू की पीएच कागद धुवायच्या पाण्यात दाखवतो तोच रंग कोब्यावरही दाखवेल.

ग्राइंडर मात्र चांगला घे. डायमंड सेगमेंटचा, व्हॅक्युम जोडता येणारा. एक हात उभा, एक हात आडवा फिरव. भिंतीच्या कडेला, खांबाच्या पायथ्याशी, मागाच्या पायांच्या बोल्टांभोवती मोठं मशीन जात नाही, तिथे हातग्राइंडर लागतो. उखडायला सुरुवात नेहमी अशाच जागेवरून होते, आणि संध्याकाळी घाईत नेमक्या त्याच जागा सुटतात. किती घासायचं हे वर काय लावणार यावर ठरतं. पातळ रंगाचे दोन हात असतील तर हाताला बारीक सँडपेपरसारखं लागलं की पुरे. दोन-तीन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग ओतायचं असेल तर त्याहून खरखरीत हवं, आणि जाड स्क्रीडला तर खडी डोकावेपर्यंत तासावं लागतं, तिथे शॉट ब्लास्टिंग चांगलं. अमेरिकेतल्या आयसीआरआय या संस्थेनं या खरखरीतपणाचे १ ते १० असे रबरी नमुने काढले आहेत. नमुना शेजारी ठेवायचा, हात फिरवायचा आणि ताडून बघायचं. जमलं तर तो संच विकत घे. मालकाशी वाद होण्याआधीच मिटतो.

आता तेल. सोलापुरात हा विषय टाळून चालणार नाही. टॉवेलाच्या आणि चादरीच्या मागाखाली वर्षानुवर्षं थेंब थेंब तेल पडतं, त्यावर सुताचा तूस बसतो, त्यावर पुन्हा तेल. वरून खरवडलं तरी काँक्रीटमध्ये ते बोटभर आत गेलेलं असतं. इथे क्रम चुकला की सगळं वाया. आधी तेल काढायचं, मग ग्राइंडर. उलटं केलंस तर चक्री गरम होते, तेल पातळ होतं आणि आजवर स्वच्छ असलेल्या जागेवरही पसरतं. आधी पत्र्यानं तूस आणि चिकटा खरवडून काढ. मग क्षारीय डिग्रीझर गरम पाण्यात टाकून कडक ब्रशनं घास, फेस सुकू देऊ नको, वेट व्हॅक्युमनं ओढून घे. हे पुन्हा कर. थेंब पसरेपर्यंत करत राहा. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर ओतून तेल काढायच्या फंदात पडू नको. त्यानं तेल पातळ होऊन आणखी खोल उतरतं, आणि तूस भरलेल्या शेडमध्ये एक ठिणगी पुरते.

धुऊन घासून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर परत ये. रात्री स्वच्छ दिसलेल्या जागी दुपारी काळे डाग वर आले, तर तेल खोलवर आहे. मग मालकाला सरळ सांग की एवढा तुकडा फोडून नवीन काँक्रीट टाकावं लागेल. तेलकट तळावर चालणारे खास प्रायमर मिळतात, त्यांचा उपयोगही होतो, पण राहिलेल्या थोड्या तेलासाठी. तेलानं चिंब झालेल्या कोब्याला ते औषध नाही.

डाइंगच्या कारखान्यात तेलाच्या जागी मीठ असतं. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ आणि सोडा टनानं लागतो, तो सांडत राहतो आणि जमिनीत मुरतो. कोटिंगखाली मीठ राहिलं की ते ओल ओढून घेतं, पाणी साठतं आणि जागोजागी फुगे उठतात. तिथे गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुणं आणि मग पूर्ण वाळू देणं हाच उपाय. आणि गरम पाणी जमिनीवर सोडणाऱ्या ठिकाणी साधं इपॉक्सी विकू नको, पीयू (पॉलियुरेथेन) सिमेंटचा माल सांग. महाग आहे, पण उकळतं पाणी तेच सोसतं.

ओलीबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण सोलापूर कोरडं म्हणून इथे लोक ती मनावरच घेत नाहीत. पाऊस कमी, मे महिन्यात पारा ४२-४३ वर, मग ओल कुठून, असं मालक हसून विचारतो. ओल काळ्या मातीतून. ही माती पावसाचं पाणी पिऊन फुगते आणि ते महिनोन्महिने धरून ठेवते. जुन्या शेडांत कोब्याखाली प्लास्टिक नसतं, त्यामुळे मातीतली वाफ काँक्रीटमधून वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती गुपचूप उडून जाते, म्हणून तळ कोरडा वाटतो. वर तू इपॉक्सीचं झाकण बसवलंस की तिची वाट बंद होते आणि ती कोटिंगलाच उचलू लागते.

तपासणी सोपी आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घे, चारी कडा टेपनं पक्क्या चिकटव, आणि किमान १६ तास तसंच राहू दे. ऊन पडणारी जागा निवडू नको. सकाळी स्वतः जा. टेप सोडवायच्या आधी वाकून बघ, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलंय का. मग एका कडेनं उचल आणि खालच्या कोब्याचा रंग शेजारच्या कोब्याशी ताडून बघ. चौकोन गडद दिसला तर ओल आहे, दव नसलं तरी आहे. एकाच जागी करून भागत नाही, दर पाचशे चौरस फुटांना एक चौकोन धर, आणि बाथरूमच्या, टाकीच्या, बाहेरच्या गटाराच्या बाजूच्या भिंतीलगत नक्की कर. मीटर असेल तर आकडाही बघ, बहुतेक इपॉक्सींना वजनाच्या चार टक्क्यांच्या आतच ओल चालते. तरी डब्याबरोबरचा कागद वाच, माल बदलला की आकडा बदलतो.

यातली खरी गोम ऋतूची आहे. मे महिन्यात हीच तपासणी केलीस तर बहुतेक शेड पास होते. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि त्यानंतर जमीन पोटभर प्यालेली असते. तेव्हा प्लास्टिक खरं सांगतं. काम जानेवारीत करायचं ठरत असेल, तर मालकाला आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच गाठ आणि चौकोन लावून ठेव. तेव्हा ओल दिसली, तर ओल रोखणारा वेगळा प्रायमर लागेल, त्याचा खर्च आधीच सांगता येतो.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, त्या दिवशी माग बंद असतात, आणि मालक म्हणतो, तेवढ्यात उरकून टाका. तो मोह टाळ. ते दिवस भर पावसाळ्याचे. हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असली की सुमारे २५ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. कोब्याचं तापमान दव धरण्याच्या अंशापेक्षा निदान तीन अंश वर हवं, म्हणजे त्या दिवशी २८. सावलीतला कोबा तेवढा कुठे तापतो? अशा दिवशी घासून घे, भेगा भरून घे, रंगाचा डबा बंद राहू दे. दिवाळीची सुट्टी त्यापेक्षा बरी, आणि गड्ड्याच्या यात्रेचे जानेवारीतले दिवस सर्वांत उत्तम. हवा कोरडी, ऊन सोसवणारं.

नवीन कोब्याला २८ दिवस थांबायचं हे सगळे सांगतात. ते दिवस ताकदीचे. वाळण्याचा हिशेब वेगळा, चार इंचाचा कोबा आतपर्यंत वाळायला कित्येक महिने घेऊ शकतो. म्हणून २८ दिवस झाले तरी प्लास्टिक लावायचंच. पाणी मारण्याकडेही आधीपासून लक्ष ठेव. हल्ली बहुतेक सिमेंट राखमिश्रित येतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, अशा सिमेंटला आणि कोरड्या-उष्ण हवेत निदान १० दिवस पाणी मारायला सांगितलंय, १४ दिवस चांगले. सोलापुरात मार्चनंतर चार दिवस पाणी मारून सोडून दिलेला कोबा वरून पूड होतो, आणि मग तो दोष कोटिंगवाल्याच्या माथी येतो. जमलं तर काँक्रीट पडतानाच मालकाला फोन कर. खाली २५० मायक्रॉनचा कागद अंथरा, वर कोरडं सिमेंट मारू नका, गोणपाट ओलं ठेवा. तीन वाक्यांत तुझं अर्धं काम हलकं होतं.

भेगांमध्ये जिवंत कोणती आणि मेलेली कोणती हे ओळखायला हवं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलतो. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी आडवी लाव, तारीख लिही. काही आठवड्यांत पट्टीला तडा गेला तर भेग जिवंत. मेलेली भेग कटरनं इंग्रजी व्ही आकारात उघड, धूळ ओढून घे, इपॉक्सी आणि क्वार्ट्झ वाळूची लांबी भर, वाळल्यावर घासून सपाट कर. जिवंत भेगेत कडक लांबी भरलीस तर ती शेजारून पुन्हा फुटेल, तिथे लवचिक पीयू सीलंटच हवं. एक्स्पान्शन जॉइंट तर कधीही वरून झाकू नको. मालकाला सलग चकाकतं मैदान हवं असतं. त्याला समजाव की खालचा सांधा वरही आला पाहिजे, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात नागमोडी चीर पडेल.

पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सकाळी कोबा तापू लागला की त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि बाहेर पडू बघते. तेव्हा प्रायमर लावलास तर टाचणीच्या टोकाएवढे हजारो बुडबुडे फुटून बारीक भोकं राहतात. उन्हं उतरल्यावर, कोबा गार होत असताना लाव, हवा आत ओढली जाते आणि प्रायमरही तिच्याबरोबर आत शिरतो. माल मिसळायचा तोही थोडा थोडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो. डब्यावरचा आकडा मेच्या पत्र्याखाली खरा धरू नको.

शेवटचा झाडू मारून समाधान मानू नको. व्हॅक्युम फिरव, मग काळं फडकं ओढून बघ, पांढरं दिसलं तर पुन्हा व्हॅक्युम. झाडू मारायच्या आधी वरच्या कैच्या, वायरी आणि पंखे साफ करून घे. तिथे तूस लोंबत असतो, आणि शेजारच्या खात्यात माग चालू असतील तर त्यांच्या हादऱ्यानं तो रात्रभर ओल्या कोटिंगवर झडत राहतो. मधलं दार प्लास्टिकनं बंद कर.

दरपत्रकात तळाची तयारी वेगळी लिही. चौरस फुटाला एकच आकडा दिलास की मालक दुसऱ्याच्या स्वस्त आकड्याशी तुलना करतो, आणि स्वस्तवाला घासणंच गाळतो. घासणं इतकं, तेल काढणं इतकं, भेगा इतक्या फुटांच्या, ओलीची तपासणी, आणि तपासणीत ओल निघाली तर जादा प्रायमर इतका, असं ओळीनं मांड. तपासणीच्या सकाळचे फोटो तारखेसह ठेव. मालक तयारीचे दोन दिवस कापायला लागला, तर नम्रपणे ते काम सोड. गावात नाव व्हायला वेळ लागतो, आणि हे गाव सगळ्यांना ओळखतं.

आणि एक गोष्ट, ज्यात मी तुला सूट देणार नाही. काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते, न दिसणारी तासन्‌तास हवेत राहते आणि फुप्फुसात जाऊन तिथेच राहते. त्यातून सिलिकोसिस होतो. त्यावर बरं करणारं औषध नाही, आणि कायद्यानं तो कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. तुझ्याकडे कामाला येणारी पोरं तोंडाला गमछा बांधून ग्राइंडर धरतील आणि म्हणतील, सवय आहे. गमछ्यानं ती धूळ अडत नाही. मशीनला व्हॅक्युम जोड, प्रत्येकाला किमान एन-९५ मास्क दे, दाढी वाढलेल्याला तो नीट बसत नाही हेही बघ, आणि मास्क चढवल्याशिवाय कुणालाही बटण दाबू देऊ नकोस.